वरच्या कालव्याचे पाणी

आमच्या घरी पहाट होई ती अप्पांच्या खाकरण्याने. कावेरीवर स्नानाला निघताना ते ओसरीवर क्षणभर थांबत, घसा मोकळा करीत आणि खालच्या षड्जाला हलकेच स्पर्श करून पाहत. रात्रीत तो कोणी उचलून नेला नाही ना, एवढीच खात्री करून घेतल्यासारखे. ओले धोतर नेसून, खांद्यावर पितळी कळशी घेऊन ते परत येईपर्यंत मागच्या गल्लीत भांडी घडवणाऱ्यांचे ठोके सुरू झालेले असत. त्या ठोक्यांच्या लयीत अप्पा नामावळी गुणगुणत. एखादा कारागीर लय चुकला, तर उंबऱ्यातूनच म्हणत, "आज त्याचें चित्त ठिकाणीं नाहीं." स्वयंपाकघरात पितळी गाळणीतून कॉफीचा अर्क थेंबाथेंबाने उतरत असे, आणि तो पुरता उतरेपर्यंत आई कोणालाही त्या कोपऱ्याकडे फिरकू देत नसे.

कुंभकोणमच्या त्या गल्लीत मराठी बोलणारी घरे मोजकीच. घराचा उंबरा ओलांडला की तमिळ, आत आले की मराठी, हा आमचा सोवळ्या-ओवळ्याइतकाच जुना नियम. ती मराठी पूर्वजांनी येताना आणली, आणि तिला पुढे माहेरची वार्ता कळलीच नाही. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की आमचे बोलणे ऐकून त्याला हसू आवरत नसे. आज मी हे ज्या मराठीत लिहितो आहे ती पुढील आयुष्यात ग्रंथांतून कमावलेली आहे. अप्पांनी ती ऐकली असती, तर "भास्करा, हें कोणाचें अंगरखें घालून आलास?" असे विचारले असते.

अप्पा हरिदास होते. पदे, साक्या, ओव्या, अभंग मराठीत आणि मधले निरूपण तमिळमध्ये, अशी आमच्याकडच्या कीर्तनाची रीत. गावातले तमिळ लोक त्यांना 'रावजी' म्हणत. त्यांच्या पाठीमागे टाळ घेऊन उभा राहणारा, धृपदाची ओळ उचलून धरणारा शिष्य म्हणजे सामा. नाव स्वामिनाथ; माझ्याहून काही वर्षांनी थोर; सुंदरपेरुमाळ कोयिल या जवळच्या गावातल्या शेतकरी ब्राह्मणाचा मुलगा. आगगाडीने येई, आणि उत्सवाच्या दिवसांत आमच्याकडेच राही. त्याला शेकडो अभंग मुखोद्गत होते, मात्र मराठी तेवढीच येत होती, जेवढी अभंगांत आहे. आईने "सामा, आणखी वाढूं का?" म्हटले की तो हात जोडून "पुरे पुरे आतां, माउली" असे सुरात म्हणे, आणि आई पदराआड हसे. "हा भूक लागली तरी ओवींतच मागेल."

जेवताना अप्पांची जीभ विशेष खुले. पानात आंबट वरण, उडदाच्या पिठाचे दह्यातले डांगर, केळफुलाची भाजी. एकदा वरण अळणी झाले, तेव्हा ते गंभीर मुद्रेने म्हणाले, "आजचें वरण शास्त्रास धरून झालें आहे. मीठ विधीपुरतेंच आहे."

"विधीपुरतें आहे तर उदक सोडून उठा," आई आतून म्हणाली.

"उठतों. परंतु डांगर अद्याप आशीर्वाद देत आहे."

असल्या बोलण्याला घर सरावले होते. नदीकाठी राहणाऱ्याला जसा प्रवाहाचा आवाज ऐकू येत नाही, तसे ते आम्हाला ऐकूच येत नव्हते.

एक रीत मात्र सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यापाशी येऊन थांबते. मुंज झाली त्या दिवसापासून प्रातःसंध्या संपली की मी अप्पांपुढे उभा राही, दोन्ही कानांना हात लावी, गोत्र-प्रवर सांगून "भास्करशर्मा नामाहमस्मि भोः" असे म्हणून त्यांच्या पायांवर वाके. या वंदनाला थोरांनी नाव घेऊन उत्तर द्यावे, असा विधी आहे. अप्पा मस्तकावर उजवा हात ठेवून म्हणत, "आयुष्मान् भव सौम्य भास्कराऽऽ." शेवटचा स्वर ते लांबवीत. लहानपणी मला वाटे, ते लाडाने लांबवतात. पाठशाळेत शिक्षा हे उच्चारणाचे शास्त्र शिकू लागलो तेव्हा कळले की तो स्वर तीन मात्रांचा असावा लागतो, आणि तीन मात्रा म्हणजे मोराच्या एका केकेएवढा काळ. लाड तेथे शास्त्रातच होता.

पाठशाळेत माझे गुरू दीक्षितर होते. वेदपाठात एक स्वर ढळला तर ते रागावत नसत. डोळे मिटून गप्प राहत, आणि ते गप्प राहणे आम्हाला छडीहून कठीण जाई. त्यांच्याच अनुज्ञेने मी पुढे नदीपलीकडच्या कॉलेजात विद्यापीठाच्या पदवीसाठी दाखल झालो. मुख्य विषय संस्कृत, आणि त्यात विशेष अभ्यास शिक्षा व आधुनिक ध्वनिशास्त्र यांचा. जे मी कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ असे श्लोकांत पाठ केले होते, ते तेथे मेणबत्ती आणि आरसा घेऊन शिकवीत. ओठांसमोर ज्योत धरून 'प' आणि 'फ' म्हणावयाचे. 'फ'ला ज्योत वाकते. टाळूला कोळशाची बारीक पूड लावून एक वर्ण उच्चारावयाचा आणि जिभेला पूड कोठे लागली ते आरशात पाहावयाचे. पूर्वजांनी यातील काहीही साधन नसताना हे सर्व जाणले होते, या विचाराने माझे मन भरून येई. जिभेचे असे एकही कर्म उरले नाही की जे शास्त्राला ठाऊक नाही, असे मला वाटत होते.

त्याच सुमारास एका दुपारी, जेवणानंतर, अप्पा ओसरीवर विड्याचे पान हातात घेऊन बसले होते. आमच्या गावचे पान कोवळे आणि नाजूक. अप्पा त्याच्या शिरा नखाने काढून चुना लावीत. मी समोरच पुस्तक घेऊन होतो. पान त्यांच्या हातातून गळाले. त्यांनी त्या पानाकडे पाहिले, मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिले, आणि माझ्याकडे वळून काही नवल सांगावे तशा स्वरात म्हणाले, "तेंच."

"काय, अप्पा?"

"तेंच," ते म्हणाले. "तेंच, तेंच."

उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि वाचेतून तेवढा एक शब्द मागे राहिला. पाणी हवे का, तर तेंच. कुशीवर वळवू का, तर तेंच. आईने एकदा धीर करून विचारले, "मज ओळखतां ना?" त्यावरही त्यांनी तिच्याकडे प्रेमाने पाहत तेच उत्तर दिले. रागाने, विनंतीने, थट्टेने, सर्व स्वरांत ते बोलत. शब्द मात्र एकच. आणि आपण नीट बोलत आहोत, असेच त्यांना वाटत असावे. समोरच्याला कळले नाही की ते भुवया उंचावून थांबत, मंदबुद्धी श्रोत्यासाठी थांबावे तसे.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, मद्रासला शिकलेले. त्यांनी गुडघ्यावर ठोकून पाहिले, डोळ्यांत प्रकाश पाडून पाहिला. मला बाहेर नेऊन म्हणाले, "पाय सुधारेल. हाताचें सांगवत नाहीं. बोलण्याचें मुळींच सांगवत नाहीं. तुम्ही काय शिकता?"

"उच्चारशास्त्र."

ते किंचित हसले. "मग तुम्हीच पाहा काय होतें तें. परदेशांत या कामाचें निराळें शिक्षण असतें, असें ऐकतों. माझ्याजवळ गोळ्या आहेत."

हे वाक्य मी आज्ञेसारखे घरी आणले. कॉलेजातून आलो की आरसा आणि मेणबत्ती घेऊन अप्पांसमोर बसे. मी 'क' म्हणे, ते माझ्या तोंडाकडे पाहत, आणि बऱ्याच खटपटीने 'क' म्हणत. मग 'च'. मग 'प'. ज्योत वाके, ताठ होई. एकदा मी त्यांच्या टाळूला कोळशाची पूड लावली, तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"हें काय करतोस?"

"जीभ कोठें लागते तें पाहतों."

"आयुष्यभर हरिनाम घेतलें त्या तोंडास काळें फासतोस? हें शिकवितात तुज कॉलेजांत?"

अप्पा काळ्या ओठांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाले, "तेंच, तेंच," आणि तो स्वर भांडण मिटवणाऱ्याचा होता. आईने पदर ओला करून त्यांचे तोंड पुसले, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

माझे यश एवढेच की सहा महिन्यांत ते माझ्यामागून बहुतेक वर्ण म्हणू लागले. जीभ योग्य स्थानी जात होती, श्वास योग्य होता. मात्र पेला समोर धरला की 'पाणी' येत नसे. 'पा' येत होते, 'णी' येत होते. तहान आणि शब्द यांच्यामधला सांधा कोठे होता, तेच मला सापडत नव्हते. शिक्षेत आरंभी एवढे सांगितले आहे की आत्मा बुद्धीच्या साहाय्याने अर्थ गोळा करतो, बोलण्याच्या इच्छेने मनाला प्रेरणा देतो, मन शरीरातील अग्नीला, अग्नी वायूला. पुढे वायू छातीत, कंठात, मुखात येतो आणि वर्ण होतात. वायूपासून पुढचे आम्हाला अत्यंत सूक्ष्मपणे शिकवले होते. त्याआधीचे सारे मंगलाचरणासारखे म्हणून आम्ही पुढे जात असू. अप्पांचे मोडले होते ते तेथे, आणि तेथे माझ्या शास्त्राजवळ एक श्लोक होता, उपाय नव्हता.

मग एका सकाळी ते घडले. आजारानंतर मी अप्पांना वंदन करणे सोडले नव्हते. ते फक्त माझ्याकडे पाहत असत. त्या सकाळी मी कानांना हात लावले, गोत्र सांगितले, नाव सांगितले आणि वाकलो. मस्तकावर डावा हात आला, आणि स्वच्छ, खणखणीत, पूर्वीच्या आवाजात शब्द आले: "आयुष्मान् भव सौम्य भास्कराऽऽ."

मी वाकलेलाच राहिलो. आईच्या हातातली पळी स्वयंपाकघरात पडली, तो आवाज मला आजही ऐकू येतो. ती धावत आली. "पुन्हा वाक," म्हणाली, "पुन्हा वाक." मी पुन्हा वंदन केले. त्यांनी पुन्हा माझे नाव घेतले, तितकेच लांबवून. त्या दिवसापासून दारे उघडत गेली. मी संध्येचा आरंभ करून दिला की अप्पा मंत्र पुढे नेत, न अडखळता, एकही स्वर न ढळता. सामाने एका अभंगाची पहिली ओळ धरली, तर ते शेवटच्या चरणापर्यंत गात. आईने त्या दिवशी पायस केले, आणि गल्लीतल्या मराठी घरांना व तमिळ घरांना सारखेच वाटले.

मी दीक्षितरांकडे धावलो. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "मंत्र हें वाणीचें शिखर. लौकिक बोलणें तळाला असतें. वरच्या कालव्याला पाणी आलें आहे ना? मग खालच्या शेताला यायला किती अवकाश? बांध मोकळे ठेवा, एवढेंच."

आमच्या प्रांतातल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. कावेरीचे पाणी वरच्या बंधाऱ्यावर दिसले की खालच्या गावातली माणसे नांगर काढतात. आम्ही सर्वांनी नांगर काढले. डॉक्टर मात्र ऐकून गंभीर झाले. "प्रार्थना राहतात. शिव्या राहतात. आकडे राहतात," ते म्हणाले. "तें बोलणें नव्हे. त्यावर विसंबूं नका." मला त्यांचा अत्यंत राग आला. मंत्राला आणि शिवीला एका पंक्तीत बसवणाऱ्या विद्येत काही तथ्य असेल, यावर आमच्या घरातल्या कोणाचा विश्वास बसणे शक्य नव्हते.

माझी नात हल्ली म्हैसूरला वाचाचिकित्सेच्या पदवीचा अभ्यास करते. मागील सुटीत तिला मी हे सांगू लागलो, तेव्हा अर्ध्यावरच ती म्हणाली, "हो आजोबा, हे आम्हाला पहिल्या वर्षी असतं. पाठ झालेलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं. त्यावरून बाकीचं येईल असं धरायचं नसतं." तिच्या बोलण्यात अनादर नव्हता. एका घराने सर्वस्व घालवून जे जाणले ते तिने एका तासिकेत जाणले, आणि तसेच व्हावे.

उत्सव जवळ आला. आमच्या गल्लीतल्या भजनमठात दरवर्षी राधा आणि कृष्ण यांचा विवाह गाऊन लावतात, त्याला राधाकल्याण म्हणतात. शेवटच्या सायंकाळचे कीर्तन अप्पांचे, आणि त्यापूर्वी त्यांच्या वडिलांचे. मठाचे वृद्ध प्रमुख घरी आले. संकोचाने म्हणाले, "रावजींनीं करावें, अशी सर्वांची इच्छा. परंतु प्रकृति..." आईने माझ्याकडे पाहिले, मी दीक्षितरांचे वचन सांगितले. तोवर अप्पांनी डाव्या हाताने कोनाड्यातल्या चिपळ्यांकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "तेंच." त्याला होकाराशिवाय दुसरे काय समजावयाचे?

प्रमुख उठताना म्हणाले, "गाणें आलें आहे तर बोलणेंही येईल. देवासमोर येईल."

त्या सायंकाळी मठात नाचियार्कोविलच्या कारागिरांनी घडवलेला मोठा समईदीप लावला होता. अप्पांना चौरंगावर बसवले. डाव्या हातात चिपळ्या, गळ्यात तुळशीची माळ, मागे सामा, बाजूला मृदंग. मी तंबोरा घेऊन बसलो. गावातली माणसे ओसरीपर्यंत दाटली होती. अप्पांना वाचा परत आली, ही वार्ता गोविंदपुरमपर्यंत गेली होती, आणि तेथून भजनी मंडळी आली होती. अप्पांनी मंगलाचरण म्हटले. तो आवाज ऐकून वृद्ध स्त्रिया रडू लागल्या. मग नमनाचा अभंग झाला. टाळ आणि मृदंग यांनी गल्ली भरून गेली. मग साकी. साकी संपली, मृदंग थांबला, आणि ते स्थळ आले जेथे हरिदास बोलू लागतो.

अप्पांनी श्रोत्यांकडे पाहिले, मंद हसले, आणि कथा आरंभावी तशा गंभीर स्वरात म्हणाले, "तेंच."

सर्वजण थांबले. हरिदास एखादा शब्द टाकून थांबतो, ही रीतच आहे.

"तेंच, तेंच," ते म्हणाले, आणि मग कथा सांगू लागले. मी आयुष्यात पुष्कळ कीर्तने ऐकली. असे दुसरे ऐकले नाही. नंदाचा भारदस्त स्वर होता, यशोदेचा कौतुकाचा होता, गोपींची कुजबूज होती. कोठे थांबावे, कोठे स्वर चढवावा, कोठे डावा हात कपाळाला लावावा, सर्व यथास्थित होते. शब्द मात्र तोच. एक मूल हसले, त्याला आईने दाबले. सामाला राहवले नाही. त्याने मागून धृपद उचलले. अप्पांनी न वळता हात वर करून त्याला थांबवले. शिष्याने मध्येच टाळ वाजवला तर गुरू थांबवतात, तसेच. आणि कथा पुढे नेली.

राधेच्या घरची एक म्हातारी वराला नाना प्रश्न विचारते, असा विनोदाचा प्रसंग त्या कथेत येतो. त्या ठिकाणी मठ दरवर्षी हसत असे; आधीच्या पिढीपासून हसत आला होता. अप्पांनी म्हातारीसारखी मान हलवली, बोळक्या तोंडाने "तेंच?" असे विचारले, आणि हसण्यासाठी जागा सोडून थांबले.

कोणी हसले नाही.

ते थांबून राहिले. ते एकेक मुख पाहू लागले. प्रमुख, दीक्षितर, दारातल्या बायका, शेवटी मी. मी मान खाली घालावयास हवी होती की वर ठेवावयास, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. वर होती. माझ्या चेहऱ्यावर त्यांना जे दिसले त्यावरून, दवाखान्यात आणि घरात इतके महिने जे त्यांना कळले नव्हते ते कळले. त्यांनी तोंड उघडले, अगदी हळू, परीक्षा पाहावी तसे, स्वतःशीच "तेंच" म्हटले, आणि ते ऐकले.

त्यांनी चिपळ्या सामाच्या मांडीवर ठेवल्या. मग आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घरी आणले. मागे मठात कोणीतरी घाईने नामावळी सुरू केली. विवाह लागावयाचा होता. तो थांबवता येत नाही.

त्या दिवसानंतर अप्पा बोलले नाहीत. तो एक शब्दही त्यांनी सोडून दिला. सामा अभंगाची ओळ धरून बसे आणि उत्तर न आल्याने ती त्यालाच पुढे न्यावी लागे. मी संध्येचा आरंभ करी, तर ते ओठ मिटून घेत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना आतां आपली स्थिति कळते. आमच्या शास्त्रांत याला सुधारणा म्हणतात." दीक्षितर एकदा येऊन गेले. बराच वेळ डोळे मिटून बसले, उठताना फक्त म्हणाले, "बांध मी पाहिला नव्हता, भास्करा." त्यांच्याबद्दलची माझी श्रद्धा त्याने उणी झाली नाही, परंतु त्यांच्याकडे विचारावयास माझ्याजवळ काही उरले नाही. देवाकडेही नव्हते. मी जप करीत होतो. माळ फिरत होती.

केवळ सकाळचे ते एक वाक्य उरले. मी वाकलो की डावा हात येई आणि शब्द येत, माझ्या नावासकट. ते त्यांच्या इच्छेने येत होते की इच्छा चुकवून, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी त्या वाक्यावर वर्ष काढले. बाप आपल्याला ओळखतो, नाव घेऊन ओळखतो, एवढे एक सत्य मुठीत धरून अभ्यासाला बसत असे. अभ्यास म्हणजे काय, हेही सांगतो: ज्या शास्त्राने पेलाभर पाण्याचा शब्द मिळवून दिला नाही, त्याचेच श्लोक रोज घोकणे. आई जवळ येऊन कॉफी ठेवी आणि पुस्तकाकडे न पाहता जाई.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "वाणी कशी उत्पन्न होते, क्रमाने सांगा." मी म्हणालो, आत्मा बुद्धीने अर्थ गोळा करतो. आणि तेथे थांबलो. ते सौजन्याने म्हणाले, "ठीक आहे, तें प्रास्ताविक झालें. स्थानें सांगा." मी स्थाने सांगितली. सर्व सांगितली. मला पहिला वर्ग मिळाला.

निकाल कळला त्या दिवशी सामाही आला होता. भजनमठाने कीर्तनाचे स्थान त्याला देऊ केले होते, आणि गुरूंची अनुज्ञा घेतल्यावाचून तो चिपळ्यांना हात लावणार नव्हता. केळी, पाने, सुपारी ताटात घेऊन तो उभा होता, आणि त्याची मान इतकी खाली होती की तो चोरी करावयास आला आहे असे वाटावे. अप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते.

"भास्करास वर्ग मिळाला," आई अप्पांना म्हणाली. "आणि सामा तुमची गादी चालविणार. दोघेही वाकतील. हात ठेवा." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "सामा थोर आहे. त्याज आधीं करूं दे."

सामाने कानांना हात लावले. आपले गोत्र, आपले प्रवर, "स्वामिनाथशर्मा नामाहमस्मि भोः" असे घाईने म्हणून तो वाकला. अप्पांचा डावा हात त्याच्या मस्तकावर आला.

"आयुष्मान् भव सौम्य भास्कराऽऽ."

मागच्या गल्लीतले ठोके तेवढे ऐकू येत होते. सामा उठला नाही. वाकलेल्या स्थितीतच त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. मग तो बाजूला झाला, आणि मी पुढे होऊन गोत्र सांगितले, नाव सांगितले, वाकलो.

हात आला नाही. मी वाट पाहिली. अप्पा माझ्याकडे शांत, प्रेमळ दृष्टीने पाहत होते; काम आटोपलेला माणूस पाहतो तसे.

"ऊठ की," आई हळू म्हणाली. "तुझें झालें आहे. एकदां देऊन झालें."

सामा तमिळमध्ये बोलला, अभंगातली मराठी त्याला तेव्हा सापडली नाही. "तें तुझेंच आहे, भास्करा. मी डोकें पुढें केलें, इतकेंच."

त्यानंतर ते वाक्यही आले नाही. मार्गळी महिन्याच्या थंडीत, मठातली पहाटेची नामावळी गल्लीतून जात असता अप्पा गेले. सामाने पुढे अनेक वर्षे तेथे कीर्तन केले. म्हातारीच्या प्रसंगाला मठ पुन्हा हसू लागला. मी पदवी घेऊन निराळ्या गावी गेलो, मुलांना व्याकरण शिकवले, आणि वाणीच्या उत्पत्तीचा श्लोक येई तेव्हा पहिल्या अर्ध्यावर इतका वेळ थांबत असे की मुले कंटाळत.

नातीला मी एकच विचारले. अशा पाठ झालेल्या बोलण्यात जे नाव येते, ते माणूस निवडतो का? तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही सांगता येत, आजोबा," म्हणाली. "बहुधा नसेल." मग माझ्याकडे पाहून तिने माझा हात धरला, आणि ते तिला कोणत्याही वर्षी शिकवले नसावे.

अजूनही प्रातःसंध्या संपली की भिंतीकडे तोंड करून मी कानांना हात लावतो, गोत्र सांगतो, नाव सांगतो आणि वाकतो. मोराच्या एका केकेएवढा काळ तसाच राहतो. मग गुडघे दुखू लागतात, आणि भिंतीचा आधार घेऊन उठतो.